दोन्ही प्रती गेल्या का? प्रोस्टेट कॅन्सरच्या जनुकीय रिपोर्टमधला खरा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६८. सात वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली, पुढे हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. आता इंजेक्शनं चालू असूनही पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढतोय, आणि कॅन्सर लसिका ग्रंथींत व हाडांत पसरलाय. लसिका ग्रंथीच्या बायोप्सीवर जनुकीय तपासणी झाली. रिपोर्टात लिहिलंय: पीटेन, दोन्ही प्रती नाहीत. टीपी५३, म्युटेशन (जनुकातला बदल), प्रमाण ४४ टक्के. आरबी१, एक प्रत गेलेली. बीआरसीए२, दोष आढळला नाही. नमुन्यात कॅन्सरपेशी अंदाजे ६० टक्के. मुलगा विचारतो: याचा अर्थ काय, आम्हा भावंडांत हे येईल का, यावर औषध आहे का, आणि सात वर्षांपूर्वी हे कुणी का सांगितलं नाही?

असे रिपोर्ट तयार करणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी थेट उत्तरं. या रिपोर्टात दिसणारे बदल बहुधा कॅन्सरच्या पेशींत नंतर झालेले आहेत, ते मुलांकडे जात नाहीत. पण वारशाचा प्रश्न या रिपोर्टाने मिटत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी हवी. पीटेन आणि टीपी५३ या दोन्हींतून मिळून आजार जास्त आक्रमक आहे असं कळतं. आरबी१ची एक प्रत गेली यावर आज घाबरण्याचं कारण नाही. उरलेलं सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या आहेत की एकच?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते समजून घेऊ. कॅन्सरशी संबंधित जनुकं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही जनुकं बिघडली की नको तेवढी जोरात चालू लागतात. त्यांची एक प्रत बिघडली तरी पुरते. दुसरी, म्हणजे ट्यूमर सप्रेसर जनुकं, पेशीची वाढ आवरतात, डीएनएची दुरुस्ती करतात किंवा बिघडलेल्या पेशीला मरायला लावतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती पेशीत असतात. सप्रेसर जनुकाची एक प्रत गेली तरी दुसरी बहुतेक वेळा काम निभावून नेते. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून ही दोन आघातांची कल्पना मांडली. ज्या मुलांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली असते त्यांना एकच आघात पुरतो, म्हणून त्यांना आजार लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. त्या आजारामागचं जनुक म्हणजेच आरबी१. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात आहे तेच.

प्रोस्टेटमध्ये हे आघात होतात तरी कसे? फुप्फुसाचा किंवा त्वचेचा कॅन्सर घेतला तर तिथे धूर आणि ऊन यांच्यामुळे डीएनएतली अक्षरं (त्याचे रासायनिक घटक) हजारोंनी बदललेली दिसतात. प्रोस्टेटच्या प्राथमिक, म्हणजे मूळ ग्रंथीतल्या कॅन्सरमध्ये अक्षरांचे बदल त्या मानाने फार कमी, साधारण दहा लाख अक्षरांमागे एक. इथे बिघाड होतो तो प्रामुख्याने तुटण्याने. गुणसूत्रं तुटतात, तुकडे भलतीकडे जोडले जातात, काही तुकडे हरवतात. २०१३ मध्ये ५७ गाठींच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की अनेक गुणसूत्रं एकाच वेळी साखळीसारखी तुटून आपापसांत जोडली जातात आणि त्या एकाच घटनेत दोन-तीन सप्रेसर जनुकं निकामी होऊ शकतात. या प्रकाराला क्रोमोप्लेक्सी म्हणतात.

तुटण्यामागे प्रोस्टेटचाच स्वभाव आहे, आणि मला हा भाग नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. प्रोस्टेटच्या पेशी पुरुष हार्मोनच्या हुकमावर चालतात. हार्मोनचा रिसेप्टर (हार्मोन पकडणारं प्रथिन) डीएनएवर बसतो तेव्हा दूरदूरच्या जनुकांची वेटोळी एकमेकांजवळ ओढली जातात, आणि त्यांचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचं एंझाइम डीएनए तात्पुरता कापतं. हा काप कधी नीट जुळत नाही. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही २१व्या गुणसूत्रावरची, एकमेकांपासून सुमारे तीस लाख अक्षरांवर असलेली जनुकं अशी जोडली जातात. हा जोड २००५ मध्ये सापडला, आणि तो प्रोस्टेटच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये असतो. ज्या हार्मोनमुळे ग्रंथी काम करते त्याच हार्मोनच्या कामकाजातून ही मोडतोड होते.

याचा रिपोर्ट वाचण्याशी थेट संबंध आहे. अक्षर बदललेलं शोधणं यंत्राला सोपं जातं. तुकडा हरवलेला शोधणं अवघड, कारण जे नाही ते मोजायचं असतं, तेही अशा नमुन्यात जिथे निरोगी पेशी मिसळलेल्या असतात. हिशेब करून दाखवतो. नमुन्यात ६० टक्के पेशी कॅन्सरच्या आहेत असं धरू. निरोगी पेशींत जनुकाच्या दोन प्रती असणारच. कॅन्सरपेशींत एक प्रत गेली असेल तर सरासरी दर पेशी १.४ प्रती मोजल्या जातील. दोन्ही गेल्या असतील तर ०.८. हा फरक ठळक आहे, म्हणून तुमच्या रिपोर्टातल्या पीटेनच्या निष्कर्षावर माझा विश्वास बसतो. पण नमुन्यात कॅन्सरपेशी फक्त २० टक्के असत्या तर हेच आकडे १.८ आणि १.६ आले असते. त्या दोहोंतला फरक यंत्राच्या चढउतारात बुडून जातो. अशा नमुन्यावर कुणी 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, तर त्यातून जनुक शाबूत आहे असं ठरत नाही. म्हणून मी रिपोर्ट हातात घेतला की पहिल्यांदा जनुकांची यादी पाहत नाही, कॅन्सरपेशींची टक्केवारी पाहतो.

आता जनुकं घेऊ. तुमच्या रिपोर्टात नसलेल्या एकापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते. आठव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर एनकेएक्स३.१ हे जनुक आहे. पेशीला प्रोस्टेटची पेशी म्हणून ओळख देण्याचं काम ते करतं. या बाहूचा तुकडा फार लवकर हरवतो, अगदी कॅन्सर होण्याआधीच्या बदलांतही तो हरवलेला सापडतो. इथे नुडसन यांचा नियम पुरा पडत नाही. दुसरी प्रत अनेकदा धडधाकट असते, तरी प्रथिन निम्म्यावर आल्यानेच पेशीची शिस्त ढिली पडते. पेशीविभाजन रोखणाऱ्या सीडीकेएन१बी या जनुकाचंही थोडंफार असंच आहे. तेव्हा 'एक प्रत गेली म्हणजे काही बिघडलं नाही' हे सरसकट धरू नका. कुठलं जनुक, त्यावर ते अवलंबून आहे.

पीटेन हे दहाव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला पीआयपी३ नावाचा एक मेदरेणू असतो. वाढीचा संदेश आला की पीआय३के हे एंझाइम तो बनवतं, त्याच्यावर एकेटी हे प्रथिन येऊन बसतं आणि पेशीला 'जग, वाढ, विभाजित हो' असा हुकूम सुटतो. पीटेन त्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढून घेतं, की हुकूम थांबतो. पीटेनच्या दोन्ही प्रती गेल्या की बाहेरून संदेश आला नाही तरी हुकूम चालूच राहतो. प्राथमिक कॅन्सरमध्ये हे साधारण पाचांतल्या एकात दिसतं. हार्मोनला न जुमानणाऱ्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास.

पीटेन गेलं की नाही हे पाहण्याची माझी आवडती पद्धत अजूनही साधी स्लाइडच आहे. पीटेन प्रथिनाला चिकटणारा अँटिबॉडी आणि त्यावर तपकिरी रंग. सूक्ष्मदर्शकाखाली आधी मी कॅन्सरकडे पाहतच नाही. रक्तवाहिन्यांचं अस्तर, मधल्या आधारपेशी आणि शेजारच्या निरोगी ग्रंथी तपकिरी आहेत का ते पाहतो. त्या रंगल्या नसतील तर रंगकाम फसलेलं आहे आणि स्लाइड बाद. त्या नीट रंगल्या असतील आणि त्यांच्या मधोमध कॅन्सरच्या ग्रंथी निळसर, कोऱ्या दिसत असतील, तर प्रथिन खरंच नाही. कधी एकाच गाठीत अर्ध्या ग्रंथी तपकिरी आणि अर्ध्या कोऱ्या सापडतात. म्हणजे तिथे तुकडा नंतर हरवला आहे, आणि कोऱ्या पेशींचा वंश पुढे निघाला आहे. सगळं ढवळून काढलेल्या डीएनएत हे चित्र दिसत नाही, स्लाइडवर डोळ्यांना दिसतं. शिवाय स्वस्त आणि लवकर. डीएनएचा अहवाल संदिग्ध असेल तिथे मी ही स्लाइड मागतोच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. प्रोस्टेटमध्ये एकाच वेळी कॅन्सरची अनेक केंद्रं असू शकतात, आणि ती जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून वेगळी असू शकतात. सुई त्यांतल्या एखाद्याच केंद्रात जाते. दुसरं, टीपी५३ सारखे बदल सुरुवातीला थोड्याच रुग्णांत असतात आणि उपचारांच्या दडपणाखाली पुढे ज्या पेशी तगतात त्यांच्यात जास्त दिसू लागतात. २०१५ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ३३३ प्राथमिक गाठींत टीपी५३चा बिघाड सुमारे ८ टक्के होता. हार्मोनला न जुमानणाऱ्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५० रुग्णांत तो ५३ टक्के होता. सात वर्षांपूर्वी तपासणी केली असती तरी आजचं चित्र दिसलंच असतं असं नाही. तेव्हा कुणाचं काही चुकलं असेल ही रुखरुख मनातून काढून टाका.

टीपी५३कडे वळू. डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर तिचा शेवट करतं. ते चारच्या गटाने काम करतं. चौघांनी उचललेल्या ओझ्यात एकाने हात सोडला की काय होतं ते आपण जाणतो. म्हणूनच टीपी५३ची एक प्रत विशिष्ट प्रकारे बिघडली तर ती दुसऱ्या चांगल्या प्रतीचं कामही बिघडवू शकते. तरी बहुतेक कॅन्सरमध्ये पुढे चांगली प्रतही जातेच. तुमच्या वडिलांची गेली आहे का? रिपोर्टात ते सरळ लिहिलेलं नाही, पण आकड्यांतून काढता येतं.

शंभर पेशी घ्या. ६० कॅन्सरच्या, ४० निरोगी. निरोगी पेशींत टीपी५३च्या ८० चांगल्या प्रती. कॅन्सरच्या प्रत्येक पेशीत एक बिघडलेली आणि एक चांगली असती, तर बिघडलेल्या ६०, चांगल्या १४०, म्हणजे म्युटेशनचं प्रमाण (एकूण प्रतींत बिघडलेल्यांचा वाटा) ३० टक्के आलं असतं. चांगली प्रत हरवली असेल तर बिघडलेल्या ६० आणि चांगल्या फक्त ८०, म्हणजे ४३ टक्के. रिपोर्ट ४४ सांगतो. म्हणून दुसरी प्रतही गेली असण्याची शक्यता मोठी. अर्थात ६० टक्के हा आकडा कुणीतरी डोळ्यांनी अंदाजलेला असतो, आणि तो अंदाज बराच चुकू शकतो. त्यामुळे हा हिशेब पुरावा म्हणून नाही, दिशा दाखवणारा म्हणून घ्या. यात आणखी एक खाचखळगा आहे. जन्मजात बदल निरोगी पेशींतही असतो, त्यामुळे त्याचं प्रमाण साधारण पन्नासच्या आसपास किंवा वर येतं. ४४ हा आकडा त्यापासून फार दूर नाही. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये सापडणारे टीपी५३चे बहुतेक बदल गाठीपुरतेच असतात, पण रक्ततपासणीत टीपी५३चाही समावेश असू द्या, म्हणजे शंका उरणार नाही.

पीटेन आणि टीपी५३ एकत्र जाण्याला वेगळा अर्थ आहे. २००५ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात प्रोस्टेटमधून फक्त पीटेन काढलं, तेव्हा कॅन्सर झाला खरा, पण संथ. कारण पीटेन गेल्याबरोबर पी५३ जागं झालं आणि पेशींना म्हातारपण आणून थांबवू लागलं. पी५३ही काढलं तेव्हा आजार झपाट्याने वाढून जीवघेणा ठरला. माणसाचा आजार उंदरापेक्षा गुंतागुंतीचा असतो हे मान्य, पण रुग्णांतही या दोन्हींची जोडी वाईट वागणुकीच्या आजाराशी जोडलेली दिसते. हे वाचून काळजी वाटेल, आणि ती समजण्यासारखी आहे. पण याचा उपयोगही आहे: उपचारांत दिरंगाई नको आणि तपासण्यांमधलं अंतर कमी ठेवा, हे त्यातून डॉक्टरांना कळतं.

आता आरबी१. हे प्रथिन ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवतं. प्रोस्टेटमध्ये त्याचं आणखी एक काम आहे, ते म्हणजे पेशीला आपल्या मूळ स्वरूपात ठेवणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांत असं दिसलं की आरबी१ आणि टीपी५३ दोन्ही गेले की पेशी आपली ओळखच बदलू शकते. ती हार्मोनवर अवलंबून राहणं सोडते, एन्झाल्युटामाइडसारख्या हार्मोन रोखणाऱ्या औषधाला दाद देत नाही, आणि कधी न्यूरोएंडोक्राइन म्हणजे चेतापेशींसारखे गुण घेते. अशा रूपांतरित कॅन्सरमध्ये आरबी१चा तुकडा हरवलेला साधारण ७० टक्के रुग्णांत आढळला आहे. पसरलेल्या आजारात पुढची वाटचाल किती बिकट असेल हे सांगणाऱ्या जनुकांत आरबी१ सर्वांत वर आहे, असं मी आजवरच्या अभ्यासांवरून म्हणेन.

पण हे सगळं दोन्ही प्रती गेल्यावरचं. तुमच्या वडिलांची एक गेली आहे, आणि १३व्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक मोठा तुकडा प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वारंवार हरवतो. दुसरी प्रत चालू असेल तर प्रथिन बनत राहतं. इथेही स्लाइडवर आरबीचा रंग पाहून घेतला तर लगेच उलगडा होतो: कॅन्सरपेशींची केंद्रकं रंगलेली असतील तर प्रथिन आहे.

यातून लक्ष ठेवण्याची एक गोष्ट मात्र नक्की निघते. ओळख बदललेला कॅन्सर पीएसए फारसा बनवत नाही. पीएसए कमी किंवा स्थिर असताना वजन घटू लागलं, यकृतात गाठी दिसल्या, वेदना वाढल्या, तर फक्त पीएसएवर विसंबू नका. स्कॅन आणि शक्य असेल तर नवी बायोप्सी मागा. टीपी५३, आरबी१ आणि पीटेन यांपैकी किमान दोन गेलेल्या आक्रमक प्रकारात कॅबाझिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाला कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्याने फायदा होतो, असं २०१९ मधल्या एका चाचणीत दिसलं आहे. वडिलांच्या बाबतीत हा पर्याय आजच हवा असं नाही, पण ऑन्कॉलॉजिस्टशी बोलताना हा विषय काढण्याजोगा आहे.

बीआरसीए२ आणि वारसा या दोन गोष्टी एकत्रच घ्याव्या लागतात. बीआरसीए२ हे डीएनएचे दोन्ही धागे तुटले की अचूक दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेतलं जनुक. बरेच लोक ते फक्त स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडतात. २०१६ मध्ये पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या ६९२ पुरुषांची तपासणी झाली. त्यांतल्या ११.८ टक्के पुरुषांत डीएनए दुरुस्तीच्या एखाद्या जनुकात जन्मजात दोष निघाला, आणि त्यांत सर्वांत जास्त बीआरसीए२चा, ५.३ टक्के. हे प्रमाण घरात प्रोस्टेट कॅन्सरचा इतिहास असण्या-नसण्यावर फारसं अवलंबून नव्हतं. म्हणून 'आमच्याकडे कुणालाच नव्हतं' या आधारावर ही तपासणी टाळू नये. पसरलेला आजार असलेल्या प्रत्येक पुरुषाची ती व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

गाठीच्या तपासणीत दोष आढळला नाही, मग रक्त कशाला? कारण गाठीवरच्या पॅनेलचं (ठरावीक जनुकांच्या एकत्र तपासणीचं) लक्ष गाठीतल्या बदलांवर असतं. जनुकाचा एखादा भाग वगळला जाणं किंवा दुप्पट होणं यांसारखे मोठे जन्मजात बदल त्यातून निसटू शकतात. आणि जन्मजात दोषांसाठी पाहायची काही जनुकं त्या पॅनेलमध्ये नसतातच. वडिलांत जन्मजात दोष सापडला तर तो मुलांपैकी प्रत्येकात येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. बहिणीला हे आवर्जून सांगा, कारण बीआरसीए२चा दोष स्त्रियांत स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका वाढवतो. मुलग्यात सापडला तर पीएसए तपासणी चाळिशीपासून सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. आधी वडिलांची तपासणी करा, मग गरज पडली तरच भावंडांची, आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलल्याशिवाय नको. दोष न सापडल्यास भावंडांना याच कारणासाठी तपासण्यांच्या मागे लागावं लागणार नाही.

औषधाचं बोलायचं तर सप्रेसर जनुकांची एक मूळ अडचण आहे. जोरात चालणारं प्रथिन औषधाने बंद करता येतं, नसलेलं प्रथिन औषधाने परत आणता येत नाही. म्हणून त्या उणिवेमुळे पेशीत कुठे कमजोरी आली आहे ते शोधावं लागतं. बीआरसीए२मध्ये ते जमलं. दुरुस्तीची मुख्य वाट बंद झालेली पेशी पर्यायी वाटेवर टेकते, आणि ती वाट पार्प इनहिबिटर या गोळ्यांनी अडवली की पेशी मरते. ओलापॅरिबच्या २०२०च्या चाचणीत बीआरसीए१, बीआरसीए२ किंवा एटीएम या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या रुग्णांत आजार न वाढता गेलेला काळ ३.६ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, आणि एकूण आयुष्यही वाढलं. मात्र यातला बहुतेक फायदा बीआरसीएत दोष असलेल्यांचा आहे, एटीएमवाल्यांचा नगण्य. इथेही दोन्ही प्रती गेलेल्या असल्या तरच तत्त्व नीट लागू पडतं. आरबी१ आणि बीआरसीए२ ही १३व्या गुणसूत्राच्या एकाच बाहूवर आहेत, म्हणून एक तुकडा हरवताना दोन्हींची एकेक प्रत बरोबर जाणं नवल नाही. तेवढ्यावरून पार्प इनहिबिटर द्यावा असं होत नाही. काही रिपोर्टांत ती एक प्रत ठळक अक्षरांत छापलेली असते आणि घरच्यांच्या आशा उगाच पल्लवित होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पीटेन गेल्यावर एकेटीला रोखणारी औषधं तपासली गेली. २०२१ मध्ये इपाटासर्टिबने आजार न वाढता गेलेला काळ १६.५ वरून १८.५ महिने झाला, म्हणजे फायदा लहान. कॅपिव्हासर्टिबची चाचणी हार्मोनला अजून दाद देणाऱ्या पसरलेल्या आजारात, पीटेन नसलेल्या रुग्णांवर झाली आणि तिथे फरक अधिक ठळक दिसला. जुलाब, पुरळ आणि रक्तातली साखर वाढणं हे त्याचे त्रास. तुमच्या वडिलांचा आजार त्या टप्प्याच्या पुढे गेलेला असल्याने ते निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. चालू असलेल्या चाचण्यांत प्रवेश मिळतो का हे विचारणं अधिक उपयोगाचं.

आणखी काही जनुकांचा फक्त उल्लेख करतो. सीडीके१२च्या दोन्ही प्रती गेल्या की डीएनएचे तुकडे जागोजाग दुप्पट झालेले दिसतात, आणि असा आजार साधारणपणे उग्र असतो. एमएसएच२ किंवा एमएसएच६ ही मिसमॅच दुरुस्तीची, म्हणजे डीएनएची नक्कल होताना चुकलेली अक्षरं सुधारणारी जनुकं गेलेले रुग्ण थोडे, पसरलेल्या आजारात सुमारे ३ टक्के, पण त्यांचा शोध घ्यायलाच हवा, कारण पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या इम्युनोथेरपीचा त्यांच्यातल्या काहींना फार चांगला, टिकाऊ उपयोग होतो. एसपीओपीतलं म्युटेशन आणि सीएचडी१चा हरवलेला तुकडा अनेकदा जोडीने येतात. आणि जीएसटीपी१ हे जनुक बहुतेक प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बंद असतं, पण ते हरवत नाही किंवा बदलत नाही. जनुकाच्या सुरुवातीच्या भागाला मेथिल या छोट्या रासायनिक गटांचं कुलूप लागलेलं असतं. नेहमीची जनुकीय तपासणी हे पाहूच शकत नाही.

पुढे कधी नवा नमुना द्यायची वेळ आली तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. हाडाची बायोप्सी असेल तर हाड मऊ करण्यासाठी ती रसायनात ठेवतात. त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए तुटून निकामी होतो आणि जनुकीय तपासणी नापास होते. बायोप्सीआधीच सांगा की जनुकीय तपासणी करायची आहे, म्हणजे प्रयोगशाळा ईडीटीए हे सौम्य रसायन वापरेल किंवा मऊ भाग वेगळा काढून ठेवेल. नमुने नापास होणं विरळा नाही. ओलापॅरिबच्या वर सांगितलेल्या चाचणीतही तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा वापरता आला नव्हता. लसिका ग्रंथीचा नमुना मिळाला हे तुमच्या वडिलांच्या दृष्टीने चांगलंच झालं.

दुसरी गोष्ट, रक्तातून कॅन्सरचा डीएनए तपासण्याची पद्धत. सुई टोचण्यापेक्षा ती सोयीची आहे, आणि आजार वाढता असताना रक्तात कॅन्सरचा डीएनए पुरेसा असेल तर उत्तम काम करते. पण औषधाने पीएसए खाली आलेला असताना ती केली तर कॅन्सरचा अंश इतका कमी असतो की हरवलेले तुकडे दिसतच नाहीत. शिवाय वय वाढतं तसं रक्त बनवणाऱ्या पेशींतही टीपी५३, एटीएम, चेक२ या जनुकांत आपोआप बदल साठतात. त्यांचा प्रोस्टेटशी संबंध नसतो, तरी रिपोर्टात ते कॅन्सरचे म्हणून छापले जाऊ शकतात. प्लाझ्माबरोबर (रक्तातल्या द्रवाबरोबर) पांढऱ्या पेशींचा डीएनएही तपासला तर हा घोळ टळतो. तशी तपासणी होते का, हे रक्त देण्याआधी विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात तीन कामं केली असती. ऑन्कॉलॉजिस्टकडून वडिलांच्या जन्मजात जनुकीय दोषांच्या रक्ततपासणीची चिठ्ठी घेतली असती, त्यात बीआरसीए१, बीआरसीए२, एटीएम, चेक२, पीएएलबी२, टीपी५३ आणि मिसमॅच दुरुस्तीची जनुकं आहेत याची खात्री करून. लसिका ग्रंथीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या नमुन्यावर) पीटेन आणि आरबी१ची स्लाइड करून मागितली असती. आणि प्रयोगशाळेला लेखी विचारलं असतं की बीआरसीए२ची प्रतसंख्या मोजली होती का, की फक्त अक्षरबदल पाहिले. सात वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा ब्लॉक ठेवलेला असेल तर तो टाकून देऊ नका असंही रुग्णालयाला लेखी कळवा. जुन्या आणि नव्या गाठीची तुलना करून कुठला बदल आधीपासून होता आणि कुठला उपचारांनंतर आला हे ठरवता येतं, आणि पुढचं औषध निवडताना मला तरी ती माहिती हवीशी वाटते.